टिबुकलीपासून देवमाशापर्यंत : खोल बुडणाऱ्याचा माग कसा काढायचा

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधापासून सायकलीच्या अंतरावर. चारशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. बाबूजी अजूनही पहाटे डोंगा घेऊन मामा (माजी मालगुजारी) तलावावर जातात. मी आधी पाच वर्षं जंगलात वाघांच्या कॅमेरा ट्रॅपवर काम केलं, मग दोन हंगाम लक्षद्वीपला एका संशोधन गटाच्या बोटीवर निरीक्षक म्हणून होतो, आणि आता घरी बसून देवमाशांचे फोटो नि आवाजाच्या फायली तपासतो. गेल्या महिन्यात साकोलीच्या कॉलेजातली दोन पोरं घरी आली. म्हणाली, "भाऊ, आमाले हे काम शिकाचं हाये, पन समुद्रच पायला नाही जी." मी त्यांना चहा पाजला आणि सरळ तलावाच्या पाळीवर नेलं. तिथून पुढं दोन दिवस त्यांना जे सांगितलं, ते इथं लिहितो.

सुरुवात तलावावर

टिबुकली, तलावावरचा तो छोटा पाणपक्षी, सगळ्यांनी पाहिलेली असते. पाण्यावर तरंगता तरंगता डुबकन खाली जाते आणि पंधरा-वीस सेकंदांनी भलतीकडेच वर येते. मोबाइलचं स्टॉपवॉच काढा आणि एकाच टिबुकलीच्या पन्नास बुड्या लिहून काढा. रकाने चार: बुडाली किती वाजता, वर आली किती वाजता, बुडाली तिथून किती लांब, कोणत्या दिशेला. पहिल्या दहा बुड्यांत तुमची नजर ती बुडाली त्याच जागी खिळून राहील आणि ती बाजूला निघेल. तिसाव्या बुडीपर्यंत नजर आपोआप पसरते. मान न हलवता अख्खं पाणी दिसायला लागतं.

लहानपणी मी डोंग्यात पाण्यावर डोळे रोखून बसायचो. तेव्हा बाबूजी म्हणायचे, "येकाच जागी नोको पाहू. थो आपल्या जाग्यानं येते, तुह्या जाग्यानं नाही येत." दहा वर्षांनी बोटीच्या छतावर उभा असताना मला हेच वाक्य कामी आलं.

दुसरा सराव पाणकावळ्यांचा. पाच-सहा पक्षी एकत्र बुडतात, तेव्हा वर आलेले मोजताना एक तरी सुटतो. किती सुटले हे कळायला दोघांनी वेगवेगळं मोजून नंतर आकडे ताडून पाहायचे. देवमाशांचा कळप मोजतानाही असंच करतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कमीत कमी, जास्तीत जास्त आणि आपला उत्तम अंदाज असे तिन्ही आकडे लिहायचे. सरासरी काढून एकच आकडा लिहिला की खरी माहिती गेली.

आपण नेमकं कोणाला शोधतोय

समुद्रात खोल बुडणारे देवमासे बरेच आहेत, पण नवशिक्यानं दोघांचं वेळापत्रक पाठ करावं.

पहिला स्पर्म व्हेल. नर सोळा मीटरपर्यंत, मादी अकराच्या आसपास. साधारण पाऊण तास खाली, बहुतेक वेळा चारशे ते बाराशे मीटर खोल. मग वर येऊन आठ-दहा मिनिटं लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी श्वास घेतो. हे लक्षात ठेवलं तर हा देवमासा नवशिक्यावर दया करणारा आहे.

दुसरा क्युव्हिए बीक्ड व्हेल, म्हणजे चोचीसारखं तोंड असलेल्या, चोचवाल्या देवमाशांतला एक. शास्त्रीय नाव झिफियस, आणि बोटीवर आम्ही तेच म्हणायचो. लांबी सात मीटरपर्यंत. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उपग्रह टॅग लावलेल्या झिफियसची २,९९२ मीटरची बुडी २०१४ साली प्रसिद्ध झाली. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाया एकावर एक. अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावर एका झिफियसनं ३ तास ४२ मिनिटांची बुडी मारल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. हे विक्रम झाले. रोजची शिकारीची बुडी साधारण तासाभराची आणि हजार मीटरच्या पुढची असते. त्यानंतर वीसेक मिनिटांच्या उथळ बुड्यांची माळ. आणि दोन बुड्यांच्या मध्ये पाण्यावर किती वेळ? बहुतेकदा दोन मिनिटांच्या आसपास.

ही दोन मिनिटं पहिल्यांदा कळली तेव्हा मी हादरलो होतो. वाघ दिसला नाही तर पायाचा ठसा राहतो, विष्ठा राहते, झाडावर नखांचे ओरखडे राहतात. झिफियस दोन मिनिटांनी गेला की मागं फक्त घड्याळातली वेळ राहते. म्हणून या कामात कॅमेऱ्याआधी घड्याळ.

बेटंच का

मोठ्या भूखंडाच्या किनाऱ्यावर हजार मीटर खोल पाणी गाठायला बऱ्याच ठिकाणी कित्येक तास बोट हाकावी लागते. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट समुद्राच्या तळापासून भिंतीसारखं उभं असतं, त्यामुळे तिथं किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ते पाणी मिळतं. बेटाला प्रवाह आडवा येतो, पाणी ढवळलं जातं, खाणं वाढतं, आणि खोलातली माखली खायला हे प्राणी तिथं राहतात. अटलांटिकातल्या, स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं एल हिएरो हे याचं उत्तम उदाहरण. तिथं झिफियस आणि ब्लेनव्हिल बीक्ड व्हेल किनाऱ्याच्या इतके जवळ असतात की ला लागुना विद्यापीठाचे संशोधक कड्यावर दुर्बिणी लावून त्यांचा अभ्यास करतात. हवाईच्या मोठ्या बेटाजवळही असेच ठरावीक, वर्षानुवर्षं तिथंच दिसणारे प्राणी आहेत. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाजवळ स्पर्म व्हेलच्या कुटुंबांचा अभ्यास २००५ पासून सुरू आहे.

आपल्याकडं लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, पण समुद्राखालच्या एका लांब डोंगररांगेच्या माथ्यावर बसलेली. अगत्तीच्या लगूनमध्ये कमरेएवढं हिरवं पाणी, आणि प्रवाळाची कड ओलांडली की तळ झपाट्यानं खाली जातो. पाण्याचा रंग एका रेघेत बदलतो. मला पहिल्या दिवशी ती रेघ ओलांडताना पोटात गोळा आला होता. आमच्या तलावाचा सगळ्यात खोल भाग तीन पुरुष, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा.

तेव्हा नकाशा हातात घेतला की आधी बेट पाहायचं नाही, खोलीच्या रेषा पाहायच्या. पाचशे, हजार आणि दोन हजार मीटरच्या रेषा एकमेकींना खेटून कुठं आहेत ते पेन्सिलीनं रंगवा. मग वारा कोणत्या बाजूनं येतो ते पाहा आणि बेटाच्या आडोशाची बाजू निवडा. एल हिएरोत कड्यावरून पाहणं जमतं, ते तिथल्या नैऋत्येच्या बाजूला व्यापारी वाऱ्यांपासून आडोसा आहे म्हणून. झिफियसचा फवारा इतका बुटका आणि विरळ असतो की लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागले की शोध जवळपास वाया. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्युफर्ट मोजपट्टीवर वारा ० ते २ असताना चोचवाल्यांचा शोध घ्यायचा, ३ झाला की पाहत राहायचं पण वहीत ३ लिहायचंच. "आज काही दिसलं नाही" या नोंदीला अर्थ येतो तो वाऱ्याच्या आकड्यानं.

कानानं माग

स्पर्म व्हेल शोधायचा तर डोळे नंतर. इंजिन बंद करा, हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं कोणीही बोलू नका. दर अर्ध्या तासानं हेच. खालून ठक, ठक, ठक असा आवाज येतो, सेकंदाला साधारण एक किंवा दोन. तो त्याचा शिकार शोधण्याचा नेहमीचा क्लिक. कित्येक किलोमीटरवरून ऐकू येतो. भक्ष्य जवळ आलं की ठोके एकमेकांत मिसळून गंजलेल्या बिजागरीसारखी करकर होते, आणि मग शांतता. करकर ऐकू आली की वेळ लिहा, कारण त्या क्षणी त्यानं काहीतरी पकडायचा प्रयत्न केलाय. कळप वर एकत्र आला की क्लिकांचे ठरावीक तालातले छोटे तुकडे ऐकू येतात. त्यांना कोडा म्हणतात. वेगवेगळ्या टोळ्यांचे कोडे वेगळे असतात, जसं आमच्या झाडीतलं बोलणं ऐकून वऱ्हाडातला माणूस लगेच ओळखतो.

दिशा देणारा हायड्रोफोन असेल तर तो फिरवत आवाज सगळ्यात मोठा कुठं येतो ते पाहायचं, तिकडं थोडं जायचं, पुन्हा थांबून ऐकायचं. नेहमीचे क्लिक पूर्ण थांबले की स्टॉपवॉच दाबा. तो वर येतोय. आता सगळ्यांनी डोळे पसरायचे.

झिफियसच्या बाबतीत हा डाव चालत नाही. त्याच्या क्लिकची ताकद चाळीस हजार हर्ट्‌झच्या आसपास असते, आणि माणसाचा कान वीस हजारांवर संपतो. बोटीवर हेडफोन लावून तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. त्यासाठी सेकंदाला किमान १,९२,००० नमुने घेणारं रेकॉर्डर लागतं, आणि ओळख पडद्यावर पटते. पामगार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की झिफियसचा क्लिक खालच्या सुरातून वरच्या सुरात चढणाऱ्या छोट्या तिरक्या रेघेसारखा दिसतो, आणि दोन क्लिकांत साधारण ०.४ सेकंदांचं अंतर. डॉल्फिनचे क्लिक तसे चढत नाहीत, त्यांची घाई जास्त असते आणि सोबत शिट्ट्या असतात. माझ्याकडं येणाऱ्या फायलींमध्ये दहातल्या नऊ वेळा डॉल्फिनच असतात. म्हणून पहिला आठवडा फक्त डॉल्फिन पाहा. ते डोळ्यात बसले की वेगळं काही आलं तर आपोआप खटकतं.

आणखी एक गोष्ट. चोचवाले काहीशे मीटर खाली गेल्याशिवाय क्लिक करतच नाहीत, वर येतानाही गप्प असतात. ब्लेनव्हिलच्या टोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की सगळे एकत्र बुडतात, खाली पांगून शिकार करतात, पुन्हा गोळा होतात आणि शेवटच्या क्लिकच्या जागेपासून सरासरी किलोमीटरभर बाजूला, कोणत्याही दिशेला, आवाज न करता वर येतात. किलर व्हेलपासून लपण्यासाठी हे असावं असं ते मानतात. म्हणजे आवाज जिथून आला तिथं बोट उभी करून उपयोग नाही. चार जणांनी चार दिशा वाटून घ्यायच्या.

दिसला! आता काय

पहिलं काम ओरडून दिशा सांगणं. बोटीचं तोंड म्हणजे घड्याळाचे बारा, उजवीकडं तीन, मागं सहा. "दोन वाजता, पाचशे मीटर!" एवढंच.

फवारा डावीकडं आणि पुढं झुकलेला, झुडपासारखा? स्पर्म व्हेल. त्याचं श्वासछिद्र डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असतं. जाताना पाठ वाकवून शेपटीचा पंखा उभा वर काढतो, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तोच, मागच्या बाजूनं. पंख्याच्या कडेच्या खाचा ही त्याची ओळख. गेल्यावर पाण्यावर तेलकट गुळगुळीत गोल उरतो. त्यात कधी सुटलेल्या कातडीचे तुकडे तरंगतात, ते परवानगी असलेल्या गटानं जाळीनं उचलले तर त्यातून डीएनए मिळतो.

पाठीचा पर रुंद बुडाचा, बराच पुढं, डोकं गोल, अंग काळं, बरेच जण सोबत? पायलट व्हेल. लहानसा प्राणी हलत नाही आणि शेपूट न उचलता नुसता खाली बसतो? तो बुटका किंवा पिग्मी स्पर्म व्हेल, त्याच्याजवळ जाऊच नका, लगेच जातो.

पर छोटा, अंगाच्या मागच्या तिसऱ्या भागात, पाठ लांब, फवारा जवळजवळ नाहीच? चोचवाला. आता डोकं पाहा. चोच आखूड, कपाळ उतरतं, आणि म्हाताऱ्या नराचं डोकं पांढरं, तर झिफियस. श्वासाला येताना लांब चोच तिरकी पाण्याबाहेर येते आणि नराचा खालचा जबडा कमानीसारखा वर चढलेला, त्यावर दात, कधी दातांवर वाढलेले कालवांसारखे बार्नेकल, तर ब्लेनव्हिल. तपकिरी, करडा, लालसर या रंगांवर विसंबू नका. उन्हाच्या कोनानं आणि कातडीवरच्या सूक्ष्म शेवाळानं तोच प्राणी सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो.

फोटो लांब भिंगानं, शटर एक हजारांशाहून वेगवान, प्राण्याला अगदी आडवं धरून. डावी बाजू आणि उजवी बाजू दोन्ही. वाघाच्या कामात आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचो, कारण डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. इथंही तेच. बोटीवर निघण्याआधी जीपीएसच्या घड्याळाचा फोटो काढा, म्हणजे कॅमेऱ्याची वेळ चुकली असली तरी नंतर दुरुस्त करता येते.

हे मी चुकून शिकलो. दुसऱ्या हंगामात, मार्चमधल्या एका सकाळी, समुद्र आरशासारखा होता. चोचवाला उठला, सहा वाजता, म्हणजे आमच्या पाठीमागं, आणि मी ठरलेली दिशा सोडून पुढं पाहत होतो. वळेपर्यंत तीन श्वास गेले. उजव्या बाजूचे चार फोटो मिळाले, डोकं एकातही नाही, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या दिवशी बॅटरी काढल्यामुळं मागं पडलेलं. वहीत मी लिहिलं: "चोचवाला, जात अनिश्चित." त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. बोटीवरच्या ज्येष्ठ ताईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "अनिश्चित लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. झिफियस लिहिलं असतंस तर मी तुला उद्या बोटीवर घेतलं नसतं."

जवळ किती जायचं हाही प्रश्न पोरांनी विचारला. शंभर मीटरच्या आत नाही, मागून नाही, वाट अडवून नाही. पाण्यावर मिळालेल्या मोजक्या मिनिटांत त्याला पुढच्या तासाचा श्वास भरायचा असतो. आपण घाबरवून त्याला लवकर खाली पाठवलं तर ती मिनिटं आपण हिसकावली. भारतात सगळे देवमासे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी.

घरी बसून जुळवणं

ज्यांना समुद्रावर जाता येत नाही त्यांच्यासाठी खरं काम इथं आहे. हॅपीव्हेल आणि फ्लूकबुक या संकेतस्थळांवर जगभरातून फोटो येतात. संगणक जोड्या सुचवतो, अखेरचा शब्द माणसाचा. मी रात्री अकरानंतर बसतो, तेव्हा नेट बरं चालतं.

आधी फोटोचा दर्जा ठरवा, जोडी नंतर शोधा. धूसर फोटोला हव्या त्या जोड्या दिसतात. मग तीन गोष्टी पाहा. पराच्या मागच्या कडेच्या खाचा. नरांच्या भांडणातल्या, दातांनी ओढलेल्या लांब पांढऱ्या रेषा. झिफियसमध्ये दात फक्त नरांचेच बाहेर येतात, म्हणून रेषांनी भरलेली पाठ बहुधा मोठ्या नराची. आणि कुकीकटर शार्कनं लचका काढल्याचे लांबट गोल वण, ते भरले की पांढरे होतात आणि वर्षानुवर्षं दिसतात. मी वणांची मांडणी आकाशातल्या नक्षत्रासारखी वाचतो: मोठा वण इथं, त्याच्या मागं दोन लहान, खाली एक एकटा.

सगळ्यात उपयोगी नियम हा: खाच वाढते, भरून निघत नाही. २०१५ च्या फोटोत खाच नाही आणि २०२० च्या फोटोत आहे, तर प्राणी तोच असू शकतो. २०१५ ला आहे आणि २०२० ला नाही, तर तो दुसराच. या एका नियमानं निम्म्या चुकीच्या जोड्या मी फेटाळतो. जोडी लागली असं वाटलं की फोटो दुसऱ्याकडं पाठवायचा, आपलं मत न सांगता. तो स्वतःहून त्याच जोडीवर आला तरच यादीत चढवायची.

या यादीवर फार काही अवलंबून असतं. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाच्या कवायतीच्या वेळी १४ चोचवाले किनाऱ्याला लागले. सोनारशी, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राशी, त्याचा संबंध जोडला गेला आणि २००४ मध्ये स्पेननं त्या बेटांभोवती सोनार बंद केलं. एखाद्या बेटाजवळ चाळीसच प्राणी राहतात की चारशे, हे आधीची ओळखयादी असल्याशिवाय कोण सांगणार?

कोकणात किंवा कुठंही मेलेला चोचवाला किनाऱ्याला लागलेला दिसला, तर वनविभागाला कळवा, हात लावू नका, आणि बाजूला काठी किंवा पट्टी ठेवून जबड्याचे, दातांचे, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. १९६३ साली श्रीलंकेत रत्मलानाला असाच एक लागला होता. तिथले प्राणिशास्त्रज्ञ देरानियागला यांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं, इतरांनी ती दुसऱ्याच जातीत घातली, आणि २०१४ साली डीएनए व हाडं तपासून ती वेगळी जात असल्याचं मान्य झालं. हाडं जपून ठेवली होती म्हणून.

माझ्या संगणकात "अनिश्चित" नावाचं एक फोल्डर आहे. अगत्तीजवळच्या त्या मार्चमधले चार उजव्या बाजूचे फोटो त्यात पहिले आहेत. पराच्या खाली तीन पांढरे वण, एक मोठा, दोन लहान. हिंदी महासागरातून नवे फोटो आले की मी आधी ते फोल्डर उघडतो. साकोलीची पोरं परवा पन्नास बुड्यांची वही घेऊन आली. एकीच्या वहीत सतराव्या बुडीसमोर लिहिलं होतं: "वर आली, पण तीच टिबुकली का, खात्री नाही." तिला मी ते फोल्डर दाखवलं आणि लगेच माउस तिच्या हातात दिला.